पागा, तबेला आणि ठाण एकच नव्हे

घोडं बांधायच्या जागेचे पागा, तबेला, ठाण हे तिन्ही शब्द काही जण एकाच अर्थाचे धरतात, ते पटत नाही. तबेला म्हणजे घोडी बांधायची नुसती जागा. पागा म्हणजे जागाही आणि तिथली सरकारी घोडीही. मराठा फौजेत त्या घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचं घोडं आणणारा शिलेदार. (पागनीस हे आडनाव त्यातलंच.) ठाण मात्र एका घोड्यापुरतं.

आपल्या वऱ्हाडात बैलांचा कोठा (गोठा) असतो, घोडं असलं तर त्याच्याच कोपऱ्यात ठाण. पण बैलासारखं एका दाव्यावर भागत नाही. पुढून बांधायचा दोर तो अगाडी, मागच्या पायांना बांधायचा तो पिछाडी. पिछाडी आखूड बांधली की घोडं ओढ घेतं अन् दोर काचून कातडी सोलते. ठाणाला मागे उतारही हवा. मुतानं जमीन ओली राहिली तर खुराच्या तळची मऊ गादी सडते, आधी वासावरूनच कळतं.