बर्फातल्या भटकंतीसाठी टिकाऊ हिप फ्लास्क कोणता घ्यावा?

पायवाट: नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही चौघे उत्तराखंडात मुन्सियारीला मुक्कामाला जाणार आहोत आणि हवामानाने साथ दिली तर तेथून खलिया टॉपपर्यंत बर्फातून चालत जाण्याचा बेत आहे. थंडीत थोडी ऊब मिळावी म्हणून जॅकेटच्या खिशात मावेल असा, रम भरून नेण्याजोगा हिप फ्लास्क घ्यायचा आहे. बाजारात काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे फ्लास्क मिळतात, सगळ्यांवर ‘स्टेनलेस स्टील’ असेच लिहिलेले असते आणि वरून पाहता त्यांत फरक कळत नाही. पडझड सोसणारा, न गळणारा आणि बरीच वर्षे टिकणारा फ्लास्क नेमका कशावरून ओळखावा? उन्हाळ्यात त्याच फ्लास्कमधून कोकमाचे आगळ नेले तर चालेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

पत्रा आणि जोड: माझे काम स्टीलच्या पत्र्याचे आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक सहसा पत्र्याची जाडी आणि वरची चकाकी पाहते; पण हिप फ्लास्क निकामी होतो तो बहुतेक वेळा झाकणापाशी किंवा जोडावर. पोचा आलेला फ्लास्क पुढे कितीही वर्षे वापरता येतो, झाकण सैल झालेला मात्र त्याच दिवशी बाद होतो. म्हणून दुकानात आधी झाकण उघडून आतून पाहावे. स्वस्त मालात धातूच्या टोपीत आट्यांचा प्लास्टिकचा तुकडा नुसता चिकटवलेला असतो. काही दिवसांनी तो सुटतो आणि मग टोपी गरगर फिरत राहते, घट्ट काही बसत नाही. आटे थेट धातूत पाडलेले असावेत आणि आतली चकती सिलिकॉनची, बदलता येण्याजोगी असावी. साध्या रबराच्या चकतीचा वास मद्यात उतरतो. टोपी हरवू नये म्हणून तिला जोडलेली जी दांडी असते, तिची खीळ बोटाने हलवून पाहावी. नव्या मालातच ती खुळखुळत असेल तर तो फ्लास्क घेऊ नये.

यानंतर जोड तपासावेत. मानेचा आणि बुडाचा जोड वेल्डिंगचा, सलग आणि सारख्या रुंदीचा असावा. जुन्या बाजारातले डाक दिलेले फ्लास्क दिसायला सुरेख असले तरी त्या डाकात शिसे असू शकते, म्हणून ते शोभेपुरतेच ठेवावेत. घरी आणल्यावर फ्लास्कमध्ये कोमट पाणी भरावे, बाहेरून कोरडा पुसावा आणि वर्तमानपत्रावर रात्रभर उलटा ठेवावा. सकाळी कागदावर ओलीचा बारीकसा डाग दिसला तरी तो परत करावा, कारण पाण्यापेक्षा मद्य बारीक फटीतून अधिक सहज झिरपते.

स्टील ३०४ प्रतीचे घ्यावे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणूनच काही ठिकाणी १८/८ असे कोरलेले आढळते. २०१ प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते, पण लवकर गंजते. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्यावर विसंबू नये. २०१ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि उलट ३०४ चा पत्रा दाबून वाकवला की त्या जागी चुंबक थोडा धरतो.

मापाचे म्हणाल तर आपल्याकडची क्वार्टर १८० मिलिलिटरची आणि सहा औंसांचा फ्लास्क जेमतेम १७५ च्या आसपासचा. सात किंवा आठ औंसांचा घेतला तर क्वार्टर पूर्ण मावून वर थोडी मोकळी जागाही राहते.

हिमरेषा: फ्लास्कबद्दल वर उत्तम लिहिले आहे, मला ‘ऊब’ या मुद्द्याविषयी कळकळीने सांगायचे आहे. मद्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंगात ऊब आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता तेवढ्याच वेगाने बाहेर जात असते. खलिया टॉप सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता असते. मद्याने तो त्रास वाढतो, शिवाय त्याची लक्षणे नशेसारखीच दिसत असल्याने सोबत्यांच्या लक्षातही येत नाहीत. चढताना थर्मासमध्ये गरम चहा किंवा सूप न्यावे आणि फ्लास्क मुन्सियारीच्या खोलीतच ठेवावा.

दुसरे असे की ४० टक्क्यांच्या आसपासचे मद्य शून्याखाली बरेच उतरले तरी गोठत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या फ्लास्कमधले मद्य पातळच दिसते, पण ते बर्फाहून थंड असू शकते आणि त्याचा घोट तोंडाला व घशाला इजा करू शकतो. विमानाने जाणार असाल तर फ्लास्क रिकामाच न्यावा: हातातल्या सामानात १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, आणि चेक-इन सामानात मद्य मूळ सीलबंद बाटलीतच चालते.

रातांबा: आगळाविषयी मी कोकणातला म्हणून लिहितो. आगळ आंबट तर असतेच, शिवाय त्यात भरपूर मीठ असते. आंबट आणि खारट एकत्र आले की चांगल्या स्टीललाही, विशेषतः वेल्डिंगच्या रेषेवर, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. अरुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये ते दिसत नाहीत आणि घासताही येत नाहीत. आगळ काचेच्या नाहीतर चांगल्या प्लास्टिकच्या बाटलीत न्यावे. याच कारणाने लिंबू पिळलेले किंवा साखर घातलेले पेयही फ्लास्कमध्ये भरू नये.

एक विनंतीही करतो. उन्हाळ्यात आपल्याकडे भटकाल तेव्हा मद्याचा फ्लास्क गडकिल्ल्यांवर नेऊ नका. कायद्याने तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी ती जागा त्यासाठी नाही.

पायवाट: सर्वांचे मनापासून आभार. चढाईत फ्लास्क नेण्याचा विचार सोडला आहे. संध्याकाळी मुक्कामावर परतल्यावरच तो उघडू. आता एक शेवटची शंका: कातडी वेष्टनाचा फ्लास्क हाताला छान वाटतो, तो घ्यावा का? आणि आतून स्वच्छ कसा करावा?

पत्रा आणि जोड: वेष्टन काढता येत असेल तरच घ्यावा. चिकटवलेल्या कातड्याखाली ओल धरते, पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि नेमका बाजूचा जोड झाकला गेल्याने गळती कुठून होते ते कळत नाही. स्वच्छतेसाठी गरम पाणी, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि मूठभर कच्चे तांदूळ आत घालून चांगले हलवावे, मग दोनतीनदा खळखळून धुवावे. ब्लीच चुकूनही वापरू नये, त्यातल्या क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात. मद्य दोनतीन दिवसांपेक्षा जास्त आत ठेवू नये, आणि धुतल्यावर झाकण उघडे ठेवून फ्लास्क उलटा पूर्ण वाळवावा. झाकण लावून ओला ठेवलेला फ्लास्क पुढच्या वेळी कुबट वास मारतो.