मदत हवी आहे: आखाती युद्ध पोरांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत मी एमपीएससीच्या पोरापोरींना इतिहास शिकवतो.

आखाती युद्धाची कारणं सांगून झाली. इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जबाजारी झालेला. कुवेत जादा तेल काढून भाव पाडतो, सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातलं आमचं तेल चोरतो, हा इराकच्या सद्दाम हुसेनचा आरोप. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतात घुसल्या. १९९१ मध्ये युद्ध हरून माघार घेताना इराक्यांनी सहाशेवर तेलविहिरी पेटवल्या, शेवटची विझायला नोव्हेंबर १९९१ उजाडला. एवढं पोरं पाठ करतात.

अडतं पुढे, १९९१ मध्ये भारताला सोनं गहाण ठेवावं लागलं तिथं. एका कास्तकाराच्या पोरीनं विचारलं, "सर, लढाई कुवेतात, अन् सोनं आपलं काहून गहाण पडलं?" तेलाचं बिल फुगलं, आखातातून येणारा पैसा आटला, आधीच तोकडी परकीय चलनाची गंगाजळी संपत आली, हे सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, अन् प्रश्न अगदी रास्त आहे. डिझेल वाढलं की वखरणीचं ट्रॅक्टरभाडं वाढतं, तिथून सुरुवात करू का? अर्थशास्त्रवाल्यांनी कृपया सांगावं.

शिवाय १९९० मध्ये कुवेतहून जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानानं परतलेलं कुणी ओळखीचं आहे का? पोरांशी फोनवर अर्धा तास बोलले तरी फार होईल.