हृदयरोहिणीचा ताण कोण ठरवतो : अस्तर की राबणारा स्नायू?

धागाकर्ता (निपाणी) : आमच्या भागात अकरावी-बारावीच्या मुलांना रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी असे सांगितले जाते, ते मला मनापासून खटकते. १९८० साली फर्चगॉट आणि झावाड्झ्की यांनी सशाच्या महारोहिणीवर दाखवून दिले की, आतले अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीनने रोहिणी सैलावते आणि अस्तर खरवडले गेले असेल तर त्याच रसायनाने ती आवळते. अस्तराचा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू. त्यावरील संशोधनाला १९९८ चे नोबेल मिळाले. तंबाखूच्या धुराने हेच अस्तर दुबळे होते, आणि तंबाखूवर जगणाऱ्या आमच्या गावाला हे कळायलाच हवे. माझ्या मते हृदयरोहिणीने (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीने) किती आवळावे वा सैलावे, हे ठरवणारा खरा कारभारी अस्तरच आहे.

खानापूरकर : सर, तंबाखूबद्दल दुमत नाही, पण कारभारी मात्र चुकीचा निवडलात. हृदयाचा स्नायू स्वस्थ बसलेल्या माणसातही रक्तातला सुमारे ७० ते ८० टक्के प्राणवायू काढून घेतो; म्हणून डोक्यावर मोळी घेऊन चढ चढणाऱ्या बाईच्या हृदयाला जादा प्राणवायू हवा असेल, तर रक्ताचा ओघच चार-पाच पट वाढवावा लागतो. ही मागणी राबणारा स्नायू नोंदवतो. १९६३ साली शास्त्रज्ञ बर्न यांनी ॲडेनोसीनची, म्हणजे राबणाऱ्या स्नायूतूनच सुटून वाहिन्या सैलावणाऱ्या रसायनाची, कल्पना मांडली ती याच कारणासाठी.

धागाकर्ता : परंतु कुत्र्यांवरील प्रयोगांत ॲडेनोसीनचे ग्राहक (पेशींवरील त्याचा निरोप घेणारे रेणू) अडवले, तरी धावताना वाढणारा ओघ फारसा घटला नाही. मग त्याला धनी कसे म्हणावे?

खानापूरकर : नायट्रिक ऑक्साइड अडवल्यावरही ती वाढ बरीचशी टिकतेच की! तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो.

परिचारिका, बेळगाव : दोघांचीही क्षमा मागून लिहिते. आपण दोघे वेगवेगळ्या वाहिन्यांबद्दल बोलत आहात. नायट्रेटची गोळी हृदयाच्या पृष्ठभागावरील मोठ्या रोहिण्या सैल करते, तर ॲडेनोसीनचा जोर स्नायूत शिरलेल्या अगदी बारीक वाहिन्यांवर चालतो. माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली, की मी त्यांना खाली बसवून जिभेखाली सॉर्बिट्रेट ही नायट्रेटचीच गोळी ठेवते आणि काही मिनिटांत त्यांच्या कपाळावरचा घाम ओसरताना पाहते. त्या गोळीतून नायट्रिक ऑक्साइड थेट वाहिनीच्या स्नायूतच मोकळे होते, म्हणून अस्तर झिजलेल्या माणसालाही ती लागू पडते. शिवाय ती शिरा रुंदावते, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटून त्याचे ओझे हलके होते. अशा औषधांचा मारा दिवसरात्र अखंड ठेवला तर गुण ओसरतो, म्हणून डॉक्टर रोज काही तासांचा खंड ठेवायला सांगतात. ‘एकच कारभारी’ हा आग्रह मला म्हणूनच पटत नाही.

धागाकर्ता : ताई, मोठ्या आणि बारीक वाहिन्यांचा भेद मी लक्षात घेतला नव्हता, तो मान्य करतो. तरीही मुलांपुढे आधी अस्तरच मांडावे, असे मला वाटते, कारण विडी सोडून ते जपणे त्यांच्या हाती आहे.

खानापूरकर : आणि मी आधी त्या चढणाऱ्या बाईचे हृदय मांडीन.