बुद्धिबळातलं बर्लिन म्हणजे भित्र्यांचं ओपनिंग?

घोडचाल: ‘बर्लिन बचाव (डावाच्या सुरुवातीला काळ्याच्या ठरलेल्या चाली) खेळणारे भित्रे, चौदा चालींत बरोबरी करून घरी जातात, स्पर्धांतून हाकला त्यांना,’ असं तिरक्या उंटाने काल ठोकून दिलंय. गप्प बसणार होतो, राहवलं नाही. अहो, २००० साली लंडनला विश्वविजेतेपदाच्या सामन्यात क्रामनिकने हेच बर्लिन कास्पारोव्हपुढे चार डावांत मांडलं. आठव्या चालीला वजिरावजिरी, काळ्याचं कॅसलिंग (राजाला हत्तीआड नेणारी जोडचाल) कायमचं गेलेलं, तरी ती भिंत कास्पारोव्हला फोडता आली नाही. अख्ख्या सामन्यात त्याला एकही डाव जिंकता आला नाही, साडेआठ-साडेसहा! राजा मधोमध ठेवून खेळायला छाती लागते.

तिरका उंट: चारही बरोबरीच ना? मग मी वेगळं काय म्हणतोय? आणि वजीर ई४ ला शह, काळा वजीर ई६, परत डी४, परत डी६, ही बरोबरीसाठी घोकलेली पुनरावृत्ती कोणत्या छातीत बसते?

घोडचाल: नको असेल तर पांढऱ्याने चौथ्या चालीला प्यादं डी३ वर खेळा. कोणी हात धरलाय?

तिरका उंट: हाताचंच काढलंत, तर ऐका. शेवटची फेरी, मी पांढरा, समोर बर्लिन. चौथी चाल कॅसलिंग. बोटं आधी हत्तीवर पडली, मग राजावर. समोरच्याने घड्याळ थांबवून पंचाला बोलावलं. हत्तीच हलवायला लावला! तो एफ१ वर, राजा तिथेच, आणि लगेच घोड्याने ई४चं प्यादं गिळलं. बर्लिनवाले हे असे.

बारीक प्यादं: नियमच आहे. कॅसलिंगला आधी राजाला हात, मग हत्तीला.

तिरका उंट: दोन्ही हातांनी एकदम करत होतो हो!

बारीक प्यादं: मग दोन चुका. चाल एकाच हाताने.

घोडचाल: म्हणजे इतकी वर्षं राग बर्लिनवर, गुन्हा बोटांचा!

तिरका उंट: तुम्ही कधी हत्तीला आधी हात लावला नाहीत?

घोडचाल: लावलाय. समोरचा सज्जन निघाला.

तिरका उंट: तो बर्लिन खेळत नसेल.

बारीक प्यादं: भांडा. पण २०१४चा सोचीतला अकरावा डाव बघा. बर्लिनच. आनंदने उंटासाठी हत्ती दिला आणि कार्लसन ४५ चालींत जिंकला. विश्वविजेतेपदाचा निकाल त्याच डावात लागला.

तिरका उंट: बरं बाबा, एक डाव निकाली. पेढे वाटू? हत्तीच्या नियमाचं मात्र अजून पटलेलं नाही.