जुन्या कन्सोलचे ग्राफिक्स 4के करून जोखणाऱ्यांना

तिरपी_रेघ

काल इथे एक लेख आला: 'जुन्या गेम कन्सोलचे ग्राफिक्स भारी होते ही निव्वळ स्मरणरंजनाची करामत. इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 4के करा, पितळ उघडं पडतं.' पुराव्याला प्लेस्टेशन 1 च्या वाकड्यातिकड्या फरशांचे स्क्रीनशॉट. उत्तर लांब झालंय, दोष त्या लेखाचा.

त्या यंत्रात मुख्य मेमरी 2 एमबी, व्हिडिओची 1 एमबी. झेड-बफर (प्रत्येक पिक्सेलची खोली लक्षात ठेवणारी मेमरी) नाही, त्यामुळे कुठला पॉलिगॉन (ज्यापासून दृश्य बनतं तो सपाट तुकडा) पुढे आणि कुठला मागे याचा क्रम प्रोग्रॅमनेच लावायचा. शिरोबिंदू, म्हणजे पॉलिगॉनचा कोपरा, पूर्ण पिक्सेललाच चिकटतो, म्हणून कॅमेरा हळू फिरला की भिंती थरथरतात. टेक्स्चर, म्हणजे पॉलिगॉनवर चिकटवायचं चित्र, चढवताना खोलीचा हिशेबच नाही, म्हणून पायाखालची फरशी नागमोडी होते. त्यावर इलाज म्हणजे जवळच्या पॉलिगॉनचे तुकडे पाडणं. तुकडे वाढवले की फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) झोपतो.

आता 1996 चा क्रॅश बँडिकूट बघा. कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच जातो, म्हणून कुठून काय दिसेल आणि कुठल्या क्रमाने काढायचं हे तो बनवणाऱ्या नॉटी डॉगने आधीच मोजून डिस्कवर ठेवलं. वाचलेली ताकद चित्रात घातली. क्रॅशचे स्वतःचे 512 पॉलिगॉन, आणि अंगावर टेक्स्चर जवळपास नाहीच, नुसते रंग. इतक्या बारीक पॉलिगॉनवर टेक्स्चर दिसलंच नसतं. आडवे 512 पिक्सेल, तेही बरेच गेम 320 वर भागवत असताना. आणि हे महाशय त्याच यंत्राची फरशी मोजायला बसलेत.

कोरडा_कोड

मार्क मेहनतीला देताय, चित्राला नाही. थरथर 4के ने आणलेली नाही, 320 वरही होतीच. त्याच वर्षी निन्टेन्डो 64 झेड-बफर आणि सरळ टेक्स्चर घेऊन आला, म्हणजे तेव्हाच्या माणसालाही फरक दिसत होता. यंत्राच्या उणिवेला आता 'शैली' म्हणायचं हा भक्तिभाव झाला.

तिरपी_रेघ

@कोरडा_कोड शैली हा शब्द तुमचा, माझा नाही. पीजीएक्सपी (ही थरथर दुरुस्त करणारं इम्युलेटरचं सेटिंग) बंद ठेवून रिझोल्यूशन वाढवलं की शिरोबिंदू जुन्या जाळीवरच उड्या मारतात आणि कडा मात्र धारदार होतात. उडी जास्तच डोळ्यात भरते. लेखातले स्क्रीनशॉट नेमके त्याच सेटिंगचे आहेत. पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये तर मागची खोली हे आधीच रेंडर केलेलं सपाट चित्र आहे. पात्र 4के झालं तरी खोली होती तेवढीच राहते, आणि पात्र वरून चिकटवल्यासारखं दिसतं. इम्युलेटर लावता येईना, फरशी वाकडी.

चार_केबी

निन्टेन्डो 64 चं कौतुक जरा आवरा. टेक्स्चर मेमरी 4 केबी. 16 बिट रंगात 64×32 चा एक तुकडा, संपलं. पॅलेट (रंगांची यादी) वापरलं तर अर्धी जागा पॅलेटला जाते. मग तोच तुकडा भिंतभर ताणा, वर फिल्टर मारा, आणि बाहेर पडताना व्हिडिओचा आणखी एक मऊपणा घ्या. शहाण्यांनी टेक्स्चरचा नाद सोडून शिरोबिंदूंनाच रंग दिले. सुपर मारिओ 64 मधल्या मारिओच्या अंगावर टेक्स्चर म्हणजे डोळे, मिशी, कल्ले, बटणं आणि टोपीवरचा एम. बाकी सगळा कोरा रंग. म्हणून तो आजही स्वच्छ दिसतो आणि नंतरचे 'वास्तववादी' गेम चिखल.

वक्र_काच

सगळे पॉलिगॉन मोजताय, पडद्याबद्दल कुणीच बोलत नाही. सेगाचं मेगा ड्राइव्ह एका वेळी 64 रंग दाखवणार, तेही 512 मधून निवडलेले, आणि अर्धपारदर्शक काही काढायची सोय नाही. सॉनिक गेमच्या ग्रीन हिल या टप्प्यातला धबधबा म्हणजे एक आड एक उभ्या रेघा. कॉम्पोझिट केबलमध्ये (सगळं चित्र एकाच तारेतून) शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि मागचं दृश्य पाण्यातून दिसतं. एलसीडीवर त्याच रेघा उघड्या दिसतात. तो ग्राफिक्सचा दोष नाही, जोडणीचा आहे.

स्वच्छ_सिग्नल

आलं पुन्हा कॉम्पोझिट-पुराण! त्याच केबलने रंगीत पट्टे येतात, लाल रंग बाहेर सांडतो, छोटी अक्षरं वाचवत नाहीत, त्याचं काय? यंत्राच्या मागच्या सॉकेटमधून आरजीबी (तिन्ही रंग वेगळ्या तारांतून) मिळत होतं आणि युरोपातल्या टीव्हींना ते घेणारं स्कार्ट सॉकेट होतंच. एका धबधब्यासाठी अख्खं चित्र धूसर करायचं?

वक्र_काच

एका नाही. सेगा सॅटर्नवरच्या जाळीदार सावल्या काढा. तिथे स्प्राइटची (हलत्या चित्रांची) पारदर्शकता मागच्या थरांशी नीट जुळत नसे, म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखी भोकं पाडायचे. तुमच्या पवित्र आरजीबीमध्ये ती भोकं मोजता येतात. चित्रकाराला काय दाखवायचं होतं ते कळत नसेल तर निदान केबलवर प्रवचन देऊ नका.

पन्नास_हर्ट्झ

युरोपचा दाखला देणाऱ्यांनी पुढचंही सांगावं. तिथे यंत्र 60 ऐवजी 50 हर्ट्झवर (सेकंदाला 50 चित्रं) चालायचं, आणि बऱ्याच गेममध्ये वेगाची दुरुस्तीच केली नव्हती. म्हणजे सॉनिक सुमारे 17 टक्के मंद, संगीतही मंद, वर चित्र चेपलेलं आणि वरखाली काळ्या पट्ट्या. घ्या स्वच्छ सिग्नल!

स्वच्छ_सिग्नल

हर्ट्झचा आणि केबलचा काय संबंध? मुद्दा संपला की भूगोल काढायचा.

रिकामी_चौकट

वाद घालण्याआधी आपापली सेटिंग बघा. 240पी सिग्नल (जुन्या कन्सोलचं 240 ओळींचं पूर्ण चित्र) थेट नव्या टीव्हीला दिला तर बरेच टीव्ही त्याला 480आय (आलटून पालटून येणारी अर्धी चित्रं) समजून डीइंटरलेस करतात, म्हणजे दोन चित्रं एकात विणतात. एका फ्रेमला दिसणारी, दुसऱ्या फ्रेमला लपणारी सावली मग एकतर दातेरी होते, नाहीतर कायमची गायब. इम्युलेटरवर असाल तर इंटिजर स्केलिंग (पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू, आधी एनटीएससी शेडर (केबलची नक्कल) आणि त्यानंतर सीआरटी शेडर (जुन्या काचेच्या टीव्हीची नक्कल). उलट क्रम लावला की चित्र बिघडतं. 1080 वर 240 ओळी चौपट करून 960 होतात, 120 काळ्या राहतात. 4के वर नऊपट बरोबर 2160. स्कॅनलाइनने (ओळींमधल्या काळ्या फटींनी) उजेड घटतो, म्हणून बॅकलाइट वाढवा, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) नको, नाहीतर काळा रंग राखाडी होतो.

कोरडा_कोड

धाग्याची केबल झाली, अभिनंदन. मूळ प्रश्न: चित्र भारी होतं का? शॅडो ऑफ द कोलोसस, 2005, प्लेस्टेशन 2. त्याचे गोडवे गाणारे सांगत नाहीत की मोठा राक्षस हलला की फ्रेमरेट 20 च्याही खाली जातो.

तिरपी_रेघ

जातो. का जातो तेही सांगा ना. केसांसाठी अंगावर एकावर एक पारदर्शक थर काढलेत, वर मोशन ब्लर (हलताना येणारा धूसरपणा), वर गुहेतून बाहेर पडताना डोळे दिपल्याचा खोटा प्रकाश. हे सगळं 4 एमबीच्या आतल्या मेमरीत पुन्हापुन्हा रंगवून. तिची बँडविड्थ (डेटा ने-आण करायचा वेग) सेकंदाला 48 जीबी, म्हणून इतके थर निदान जमले. उलटं उदाहरण रेसिडेंट ईव्हिल 4. निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर मधले प्रसंग यंत्र जागेवर काढतं, प्लेस्टेशन 2 वर त्यांचे व्हिडिओ लावले. नायक लिऑनला दुसरे कपडे घाला, प्रसंग सुरू झाला की मूळ कपडे परत. हा फरक बघायला 4के लागत नाही.

कोरडा_कोड

ठीक. त्या लेखाने पीजीएक्सपी बंद ठेवून स्क्रीनशॉट काढले हे मान्य, आणि क्रॅश देखणा आहे हेही, तुमचं समाधान होऊ द्या. पण देखणा आहे तो टेक्स्चर टाळल्यामुळे, मारिओसारखाच. म्हणजे यंत्राला जे झेपत नव्हतं ते ज्यांनी केलंच नाही, ते जिंकले. 20 फ्रेमवाल्या राक्षसाला त्या रांगेत बसवू नका.

वक्र_काच

@रिकामी_चौकट 1080 वर पाचपट करा. मेगा ड्राइव्हच्या 224 ओळींच्या 1120 होतात, वरून-खालून मूळच्या चार-चार ओळीच कापल्या जातात. जुन्या टीव्हीची चौकट त्याहून जास्त खायची.

स्वच्छ_सिग्नल

आणि वरचा स्कोअर कडेला घासला की त्यालाही चित्रकाराचा हेतू म्हणा.