'देवाचा पुरवठा' म्हणावे काय? आणि दया, करुणा, कळवळा

प्रश्न (फोंडा) : ख्रिस्ती जीवनावरील एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद हाती घेतला आहे. देव आपल्या गरजा भागवतो, या श्रद्धेसाठी मी 'देवाचा पुरवठा' असे लिहिले. परंतु वाचणाऱ्यांना नागरी पुरवठा खाते आठवते, आणि 'तरतूद' लिहावे तर अर्थसंकल्प डोळ्यांपुढे येतो. पर्याय सुचवावा. त्याच प्रकरणात पुढे दया, करुणा आणि कळवळा यांपैकी काय योजावे, हेही कळावे.

उत्तर (मडगाव) : आपली अडचण नामाची आहे, क्रियापदाची नाही. बायबलातील फिलिप्पैकरांस पत्रात 'माझा देव तुमची सर्व गरज पुरवील' असे वाचताना कोणालाही खटकत नाही, कारण क्रियापदाबरोबर देणारा समोर उभा राहतो. 'पुरवठा' म्हटले की देणारा अदृश्य होऊन कोठार तेवढे उरते. म्हणून शक्य तेथे 'देव पुरवतो' अशीच रचना ठेवावी. नाम हवेच असेल तर 'सांभाळ' पाहावा. बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम एका डोंगराला 'परमेश्वर पुरवील' अशा अर्थाचे जे नाव देतो, त्यातील मूळ हिब्रू धातूचा अर्थ 'पाहणे' असा आहे, आणि मराठीतही 'म्हाताऱ्या आईला धाकटाच बघतो' या वाक्यात पाहणे म्हणजे सांभाळणेच असते.

या श्रद्धेला साठवणुकीचे वावडे आहे, हेही शब्द निवडताना लक्षात असावे. रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने दिलेले अन्न) रोजच्या रोज गोळा करावा लागे. सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडत, अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा. गोव्यातील चर्चमध्ये येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या कोकणी रूपात 'आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी' असे म्हणतात. 'गिरास' म्हणजे ग्रास, आपला घास. मराठी बायबलातील 'रोजची भाकर' उत्तमच आहे (पहाटे पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंग्याने जाग येणाऱ्या गावात भाकरीऐवजी पाव का नाही, असा खट्याळ प्रश्न मनात येतो, तो असो). पण घास कोणीतरी भरवतो, हा भाव कोकणी शब्दात अधिक आहे.

आता कळवळा. येथे मी बिनदिक्कत याच शब्दाच्या बाजूने आहे. शुभवर्तमानांत लोकसमुदाय पाहून येशूला जे वाटले, त्यासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद आतड्यांसाठीच्या शब्दावरून आलेले आहे. आणि आतडे तुटणे, पोटात कालवणे हे तर आपले रोजचे वाक्प्रचार. 'दया' बरेचदा वरून खाली येते, 'करुणा' ग्रंथांत शोभते. येशूच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून शोमरोनी प्रवासी थांबला तो कळवळ्याने, आणि थांबल्यावर त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले व पुढील खर्चाची हमीही दिली.

उत्तर (म्हापसा) : वरील विवेचनाशी सहमत आहे; मात्र 'दया' अगदीच बाद करू नये, कारण उपासनेत 'हे प्रभो, दया कर' येथे तिला पर्याय नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की पुस्तिकेत हे दोन विषय निरनिराळ्या प्रकरणांसारखे वाचले जाऊ नयेत. याकोबाच्या पत्रात उघड्या व उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' असे नुसते सांगून हात रिकामे ठेवणाऱ्याला स्पष्ट शब्दांत फटकारले आहे. 'देव पुरवील' हे वाक्य दुसऱ्याच्या उपाशी पोटाला सांगायचे नसते, ते स्वतःची मूठ उघडताना म्हणायचे असते. आपल्याकडील ख्रिस्ती लग्नघरांत लग्नाआधी 'भिकाऱ्यांचें जेवण' घालण्याची प्रथा आहे. दिवंगत पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना बोलावून, पंगतीत बसवून वाढतात. अनुवादात उदाहरण द्यायचे तर हे द्यावे, आणि नाव कोकणीतच ठेवावे. 'अन्नदान' केले की पंगत जाते.

पुरवणी (मडगाव) : 'सांभाळ' मध्ये राखण्याचा अर्थ अधिक आणि मिळवून देण्याचा कमी, ही उणीव आहे. 'योगक्षेम' या शब्दात दोन्ही बसतात, परंतु तो लगेच गीतेकडे नेतो, म्हणून शीर्षकात नको. मजकुरात एखाद्या ठिकाणी चालेल.