मदत हवी आहे: एलिझाबेथ वुडविलला 'सामान्य घरातली' म्हणावं का?

पंधराव्या शतकातला इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याची राणी एलिझाबेथ वुडविल हिच्यावर मराठी टिपण तयार होतंय. दोन ठिकाणी गाडं अडलंय.

पहिलं, 'कॉमनर'ला (राजघराण्याबाहेरची व्यक्ती) शब्द कोणता? वडील रिचर्ड वुडविल तिच्या एडवर्डशी लग्नाच्या वेळी साधे बॅरन (खालच्या दर्जाचे सरदार), पण आई जॅकेटा लक्झेंबर्गच्या सरदार घराण्यातली, बेडफर्डच्या ड्यूकची विधवा. त्यामुळे 'सामान्य' म्हटलं की वाचकाला शेतकऱ्याची पोर वाटते. 'बिनराजघराण्यातली' अचूक आहे, पण कानाला खडबडीत लागतं. ती स्वतः दोन मुलांची विधवा. पहिला नवरा जॉन ग्रे १४६१ मध्ये सेंट ऑल्बन्सच्या लढाईत लँकेस्टर पक्षाकडून, म्हणजे एडवर्डच्या यॉर्क घराण्याविरुद्ध लढताना पडला. म्हणजे शत्रुपक्षाची विधवा! दरबाराला हेच जास्त झोंबलं असावं.

दुसरं, 'प्रीकॉन्ट्रॅक्ट', म्हणजे आधीच दुसऱ्या कुणाला दिलेलं लग्नाचं बंधनकारक वचन. १४६४ चं लग्न गुपचूप, जाहीर घोषणेशिवाय झालं. १४८४ च्या 'टिट्युलस रेजियस' (तिसऱ्या रिचर्डचा गादीवरचा हक्क मान्य करणारा) कायद्याने ते रद्दबातल ठरवलं, मुख्य आधार एडवर्डने एलिनॉर बटलरला आधी दिलेलं लग्नाचं वचन. त्या काळच्या चर्चच्या कायद्यात असं वचन पुढचं लग्न मोडू शकायचं, म्हणून 'साखरपुडा' फार सौम्य वाटतो. 'पूर्वविवाहबंधन' चालेल का?

सनावळीत एक खाच आहे, उत्तर देताना सांभाळा: तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे एलिझाबेथ वुडविलची मुलगी आणि राजा सातवा हेन्री यांचं जानेवारी १४८६ चं लग्न जुन्या हिशेबाने १४८५ मध्ये पडतं.

कायद्याचा किंवा चर्चच्या इतिहासाचा अभ्यास असलेल्यांनी पर्यायी शब्द सुचवावेत, कारणासकट.